काडी दिसते, पण आहे नाकतोडा: प्रोस्कोपिइडी कुळ ओळखणं, पाळणं आणि वाढवणं

झुडपावरची वाळकी काडी समजून हात लावावा आणि ती काडी हातभर लांब उडून जावी, असा हा कीटक आहे. कीटकशास्त्रज्ञ क्लुग यांनी १८२० साली प्रोस्कोपिया या वंशाचं वर्णन केलं आणि १८३८ साली सर्व्हिल यांनी त्यावरून प्रोस्कोपिइडी हे कुळ मांडलं. या कुळाचं घर अमेरिका खंडांतच आहे. कोस्टारिका-पनामापासून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंत, ॲमेझॉनच्या दमट जंगलात, ब्राझीलच्या कोरड्या झुडुपी रानात आणि अँडीजच्या उतारांवर हे नाकतोडे सापडतात. जवळजवळ सगळ्यांना पंख नसतात. काही जातींत पंखांचे नुसते अवशेष दिसतात. ईशान्य ब्राझीलमध्ये स्टिफ्रा रोबुस्टा ही जात काजू आणि निलगिरीचा पाला फस्त करते. तिथले लोक तिला ‘माने माग्रो’, म्हणजे ‘हडकुळा मानुएल’ म्हणतात.

दिसण्यावर जाऊन याला काडीकिड्याच्या गटात टाकू नका. काडीकिडे हा वेगळा गण आहे. हा आहे नाकतोडा, आणि त्याला ऊब, माती आणि मोकळी हवा लागते ती नाकतोड्यासारखीच. काडीकिड्याच्या थंड, दमट, मातीविना ठेवलेल्या पिंजऱ्यात हा काही दिवस तग धरतो, मग कात टाकताना अडकून मरतो किंवा मादी अंडी न घालताच संपते. पुढच्या प्रत्येक पायरीमागचं कारण हेच आहे.

आधी ओळख पक्की करा

हाताशी दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा आणि खालच्या क्रमाने पाहा. एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

पहिली खूण पायांच्या जागा. ही सगळ्यांत भरवशाची आहे आणि भिंगाशिवाय दिसते. काडीकिड्याचं पूर्ववक्ष, म्हणजे छातीचा डोक्यामागचा पहिला भाग, आखूड असतं. त्यामुळे पुढचे पाय डोक्याला लागूनच निघतात आणि त्यामागच्या लांबलचक मध्यवक्षामुळे पुढच्या व मधल्या पायांत मोठं अंतर पडतं. प्रोस्कोपिइडींत नेमकं उलट असतं. पूर्ववक्ष लांब नळीसारखं असतं, पुढचे पाय त्या नळीवर डोक्यापासून मागे सरकून उगवतात, आणि मधले व मागचे पाय एकमेकांच्या जवळ येतात. बाजूने फोटो काढून पायांची मुळं रेषेने जोडून पाहा, फरक लगेच कळतो.

दुसरी खूण डोकं. चेहरा खाली लांबत गेलेला, तोंड डोळ्यांपासून बरंच खाली, डोळे वर, आणि बऱ्याच जातींत डोळ्यांच्या पुढे निघालेलं एक टोक. समोरून पाहिलं तर घोड्याचं तोंड आठवतं. पाळणाऱ्यांत सर्वाधिक फिरणाऱ्या स्यूडोप्रोस्कोपिया वंशाला ‘घोडामुखी नाकतोडा’ म्हणतात ते यामुळेच.

तिसरी खूण मिशा. या कुळात त्या डोक्याहूनही आखूड असतात, बारीक केसाच्या तुकड्याएवढ्या. मात्र आखूड मिशांचे काडीकिडेही आहेत, म्हणून ही खूण एकटी पुरत नाही.

चौथी खूण पाऊल. भिंगाखाली मागच्या पावलाचे पेर मोजा. नाकतोड्यात तीन भरतात, काडीकिड्यात पाच. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या टिमेमा वंशाचे काडीकिडे तीन पेरांचे असतात, पण ते बुटके आणि जाडसर असल्यामुळे घोटाळा होत नाही.

शेवटची खूण उदराचं टोक. मादीच्या टोकाला चार आखूड, टणक, चोचीसारख्या पाकळ्या दिसतात. याच पाकळ्यांनी ती माती खणते. नराचं टोक गोलसर, वर वळलेलं असतं. नर लांबीने बराच लहान आणि अंगाने सडपातळ. शेजारी बसलेली जोडी पाहून कुणाला ती आई आणि पिल्लू वाटली, तर नवल नाही.

निमुळत्या डोक्याचा प्रत्येक नाकतोडा या कुळातला नसतो. आक्रिडा वंशाचे नाकतोडे लांब डोक्याचेच असतात, पण त्यांना पूर्ण पंख आणि पात्यासारख्या चपट्या मिशा असतात. ऑस्ट्रेलियातले मोराबिडी नाकतोडे तर अगदी काडीसारखे आणि बिनपंखांचे आहेत. ते वेगळं कुळ आहे. जंगली नमुना असेल तर तो कुठल्या खंडातून आला, हे विचारलं की अर्धा गुंता सुटतो.

वंशापर्यंत ओळख फोटोवरून जमू शकते. जात ठरवायला मात्र बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियांची रचना तपासावी लागते. म्हणून नोंद करताना फक्त पाठीचा फोटो काढून थांबू नका. डोकं बाजूने, डोकं समोरून, पूर्ववक्षाचा पोत, मागची मांडी आणि उदराचं टोक बाजूने व वरून, एवढे फोटो घ्या. सोबत एकूण लांबी, पूर्ववक्षाची लांबी, मागच्या मांडीची लांबी, झुडपाचं नाव आणि जमिनीपासूनची उंची लिहा.

रानातून जिवंत कीटक उचलायचा असेल, तर त्या देशाचा परवाना आधी घ्या. ब्राझीलमध्ये शास्त्रीय संकलनाच्या परवानग्या सिसबियो या सरकारी प्रणालीतून मिळतात. पाला खाणारा परका कीटक आपल्या देशात आणणं हा वनस्पती-संगरोधाचा विषय आहे. अंडी टपालाने आली तरी तोच नियम लागू होतो. बंदिस्त वाढलेली जोडी किंवा अंडी कागदपत्रांसह घेणं हाच सरळ मार्ग.

पिंजरा

आता स्यूडोप्रोस्कोपिया डोळ्यांसमोर ठेवून पुढे जाऊ. पूर्ण वाढलेली मादी १५ सेंटीमीटरच्या आसपास भरते. पिंजऱ्याची उंची या लांबीच्या तिप्पट ही खालची मर्यादा, चौपट असली तर उत्तम. म्हणजे तीन-चार जोड्यांसाठी ४० × ४० × ६० सेंटीमीटरची पेटी घ्या. उंचीवर एवढा भर कातेसाठी आहे, त्याबद्दल पुढे येईल.

निदान दोन बाजू आणि छत जाळीचं हवं. पूर्ण काचेची टाकी टाळा. तिच्यात ओल साचते, हवा कोंडते आणि गुळगुळीत काचेवर या जड मादीला पकड मिळत नाही. काचेची टाकी वापरायचीच असेल तर झाकण जाळीचं करा आणि मागच्या भिंतीला जाळी किंवा कॉर्कची साल चिकटवा. नायलॉनची बारीक जाळी पिल्लांना चांगली, पण दिव्याच्या उष्णतेने ती वितळते. दिव्याखालचं छत धातूच्या जाळीचंच ठेवा.

आत बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक सुक्या फांद्या तिरप्या लावा, काही छतापर्यंत पोचणाऱ्या. आडव्या-उभ्या फांद्यांची दाटी करू नका. लटकणाऱ्या कीटकाखाली रिकामी जागा राहिली पाहिजे.

दरवाजा समोरून आणि शक्यतो छोटा. छत उघडण्याची रचना असेल तर फांद्यांवर चढून बसलेले नर पहिल्याच क्षणी बाहेर असतात. याच कुळातल्या प्रोसार्थ्रिया टेरेट्रिरोस्ट्रिस या जातीच्या उड्या मोजल्या गेल्या आहेत. सुमारे पावणेसात सेंटीमीटर लांब आणि पाव ग्रॅमहून किंचित जड नर सरासरी ९० सेंटीमीटर उडाला. दीड ग्रॅमच्या मादीची उडी जवळपास त्याच्या निम्मी. तेव्हा पिंजरा उघडायचा तो खिडक्या बंद करून आणि पंखा थांबवून.

ऊब, प्रकाश, पाणी

इथे काडीकिड्याची सवय सगळ्यांत जास्त नडते. खोलीच्या तपमानावर हा नाकतोडा जगतो, पण पचन मंदावतं, वाढ रखडते, दोन कातांमधलं अंतर लांबत जातं. दिवसा पिंजऱ्याचा बराचसा भाग २५ ते २८ अंश सेल्सियस आणि दिव्याखालची एक फांदी ३२ ते ३५ अंश ठेवा. रात्री दिवा बंद, तपमान २० अंशांच्या आसपास उतरलं तरी चालतं, किंबहुना तो उतार असू द्या. दिवा १२ तास.

दिवा पिंजऱ्याच्या बाहेर, छताच्या वर. आत लावला तर कीटक त्यावर चढतो आणि भाजतो. किती वॅटचा बल्ब हवा, याला एकच उत्तर नाही. ते खोली आणि उंचीवर ठरतं. बल्ब लावा, तासभर थांबा, तापमापीचं टोक फांदीवर जिथे कीटक बसेल तिथे टेकवा आणि दिवा वर-खाली करून आकडा जुळवा. भिंतीवर चिकटवलेली तापमापी भिंतीचं तपमान सांगते, फांदीचं नाही.

सकाळी दिवा लागल्यावर काय होतं ते जवळून पाहा. रात्रभर फांदीला चिकटून ताठ झालेली मादी आधी पुढचे पाय उचलते. मग अंग थोडं आडवं करून कूस दिव्याकडे वळवते आणि बराच वेळ तशीच राहते. ऊब अंगात मुरली की ती पानाकडे चालू लागते. हा क्रम रोज दिसला तर तपमान बरोबर आहे. दिवसभर सगळे दिव्याखाली गर्दी करून बसत असतील तर पिंजरा थंड आहे. सगळे खाली तळाशी उतरले असतील तर फार तापला आहे.

पाण्यासाठी वाटी ठेवू नका. संध्याकाळी दिवा बंद होण्याच्या थोडं आधी पानांवर बारीक फवारा मारा, थेंब धरतील इतकाच. कीटक थेंब पितात आणि सकाळपर्यंत पिंजरा कोरडा झाला पाहिजे. सकाळी जाळीवर ओल दिसली तर फवारा कमी करा किंवा हवा वाढवा. सतत ओल राहिली की विष्ठा मऊ आणि ओघळती होते, अंग काळवंडतं, मेलेल्या कीटकाला कुजका वास येतो. निरोगी विष्ठा म्हणजे कोरड्या, वेगवेगळ्या गोळ्या. रोज सकाळी तळाकडे एक नजर टाका. आजार सगळ्यांत आधी तिथे दिसतो.

खाणं

बंदिस्त घोडामुखी नाकतोड्यांना ब्लॅकबेरीचा पाला मानवतो. रास्पबेरी आणि गुलाबही चालतात. जंगलात एखादी जात कुठल्या झुडपावर होती याची नोंद असेल तर त्या झुडपाचे नातेवाईक शोधून पाहा, पण नवा पाला देताना जुना काढू नका. दोन्ही सोबत ठेवा आणि नव्या पानाच्या कडेला चंद्रकोरीसारखे चावे दिसतात का, ते पाहा.

फांद्या अरुंद तोंडाच्या बाटलीत पाण्यात उभ्या करा आणि तोंड कापसाने किंवा स्पंजने गच्च बंद करा. पिल्लं देठावरून उतरत पाण्यात जातात आणि बुडतात, हे फार सहज घडतं. पाला दोन-तीन दिवसांनी बदला. हिरवा दिसला तरी कडा कडक झालेलं पान हे खात नाहीत.

विकतच्या फुलांचा गुलाब कधीही देऊ नका. त्यावर कीटकनाशक असतंच असं धरून चाला. विषबाधेची खूण ओळखता आली पाहिजे: पाय थरथरतात, कीटक फांदीवरून पडतो, पाठीवर पडून पाय झाडत राहतो आणि एकाच दिवसात अनेक जण तसेच होतात. उपाय उरत नाही. पाला ताबडतोब काढा, वाचलेल्यांना स्वच्छ पेटीत हलवा, फांद्या आणि तळाचा थर फेकून द्या. रस्त्याकडेचा पालाही टाळा. आणलेला पाला धुवा, झटका आणि त्यावरचे कोळी काढून टाका. पिल्लांच्या पेटीत एक कोळी शिरला तर आठवड्यात पेटी रिकामी होते.

कात

पाळताना जे कीटक मरतात, त्यांतले बरेचसे कातेत मरतात. म्हणून हा भाग घाई न करता वाचा.

कात टाकण्याच्या एक-दोन दिवस आधी कीटक खाणं सोडतो आणि उंच जागा धरतो. मग मागच्या पायांनी फांदी किंवा छताची जाळी पकडून डोकं खाली करून लटकतो. पूर्ववक्षाच्या पाठीवर चीर पडते, तिच्यातून पाठ फुगून बाहेर येते, मग ते लांब डोकं म्यानातून तलवार निघावी तसं सरकत निघतं. शेवटी मागचे पाय. मांडी आणि नडगी दोन्ही लांब आणि बारीक, आणि दोन्ही जुन्या सालीतून गुडघ्याच्या बाकावरून ओढून काढायच्या असतात. अडकतात ते बहुतेक हेच. पाय सुटल्यावर कीटक वर वळतो, रिकाम्या सालीला धरतो आणि अंग वाळेपर्यंत लटकत राहतो.

या सगळ्याला खाली त्याच्या लांबीच्या दुप्पट तरी रिकामी जागा लागते, कारण बाहेर येणारं अंग जुन्या सालीच्या खाली पूर्ण लांबीने लोंबतं. जागा कमी पडली तर मऊ डोकं किंवा पूर्ववक्ष तळाला टेकून वाकतं आणि वाकलेलं तसंच कडक होतं. असा कीटक पुढे नीट खाऊ शकत नाही.

अडकण्याची कारणं तीन. हवा फार कोरडी, म्हणून सालीखालचा ओलावा आटतो. पकड निसटणारी, म्हणून कीटक अर्ध्यात पडतो. तिसरं कारण गर्दी: दुसरा नाकतोडा फांदीवरून चालत येतो आणि लटकलेल्याला धक्का देतो. तिन्हींवर उपाय आधीच करायचे असतात. कोणी लटकलेला दिसला तर त्या संध्याकाळी फवारा थोडा वाढवा, त्याच्यावर थेट न मारता आजूबाजूच्या जाळीवर मारा. पिंजरा हलवू नका. या कुळातल्या नाकतोड्यांना कानाचा पडदा नसतो, त्यामुळे बोलण्याने बिघडत नाही, पण हादरा पायांतून लगेच कळतो. कात पूर्ण झाल्यावर निदान एक पूर्ण दिवस हात लावू नका.

अडकलेला पाय ओल्या, मऊ कुंचल्याने सालीवर पाणी लावून सोडवायचा प्रयत्न करता येतो. ओढू मात्र नका. नाकतोडा मागचा पाय मुळाशी टाकून देतो आणि तो पुन्हा उगवत नाही. काडीकिड्याच्या पिल्लाचा पाय पुढच्या कातांत परत येतो म्हणून लोक निर्धास्त असतात. इथे तसं नाही. याच कारणाने कीटक उचलतानाही पाय किंवा अंग चिमटीत धरू नका. पुढे तळहात किंवा एखादी काडी धरा आणि मागून बोटाने हलकं ढकला, तो स्वतः चढून येतो. जागा बदलायची असेल तर तो बसलेली फांदीच उचला.

माती आणि अंडी

अनेक काडीकिड्यांच्या माद्या वरूनच अंडी खाली टाकतात, आणि बऱ्याच जातींत नराविना वंश चालतो. नाकतोड्यांत बिननराचा वंश फार क्वचित आढळतो. ऑस्ट्रेलियातली वारामाबा वर्गो हे त्याचं गाजलेलं उदाहरण. प्रोस्कोपिइडींत त्या भरवशावर राहू नका. शक्य तर दोन-तीन जोड्या ठेवा.

मादीला खणायला खोल माती हवी. तळाशी किंवा आत ठेवलेल्या डब्यात निदान १० सेंटीमीटरचा थर द्या. स्वच्छ बारीक वाळू आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात मिसळा. ओल तपासायची ती मुठीने. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा बनला पाहिजे, बोट लावताच फुटला पाहिजे आणि पाणी अजिबात निथळता कामा नये. कोरड्या वाळूत भोक धरत नाही, ढासळतं. मादी पुन्हा पुन्हा खणून सोडून देते. चिखलात अंड्यांना बुरशी लागते.

अंडी घालायच्या बेतातली मादी फुगलेल्या पोटाने खाली उतरते, उदराचं टोक मातीत रोवते आणि पाकळ्या उघडत-मिटत खणते. उदर त्या वेळी ताणून नेहमीपेक्षा लांब होतं. तेव्हा तिला हलवू नका. ती वर गेल्यावर जागेवर एक खूण खोचा आणि डब्यावर तारीख लिहा. अंडी उकरून पाहण्याचा मोह आवरा, कारण त्यांची बैठक बदलली की नुकसान होतं. पोट फुगलेली मादी दिवसेंदिवस वरच बसून राहिली किंवा पानांवर अंडी सांडू लागली, तर माती उथळ आहे, कोरडी आहे किंवा थंड आहे. हीच तीन कारणं त्या क्रमाने तपासा.

भरलेला डबा काढून नवा ठेवा. काढलेला डबा २५ ते २८ अंशांत, झाकणाला बारीक भोकं पाडून ठेवा. आठवड्यातून एकदा उचलून वजनाचा अंदाज घ्या. हलका वाटला तर कडेने चमच्याने पाणी सोडा, मधोमध ओतू नका. वर बुरशी धरली तर थोडे स्प्रिंगटेल, म्हणजे मातीतले इवले जीव, सोडा, ते बुरशी खातात आणि अंड्यांना त्रास देत नाहीत. अंडी फुटायला काही महिने लागतात आणि एकाच डब्यातली पिल्लं पुढे-मागे निघतात. दोन-तीन महिने काहीच हललं नाही म्हणून माती फेकू नका, आणि पहिली पिल्लं निघाली म्हणूनही नको.

पिल्लं

मातीवर पांढुरक्या पातळ सालीचे कपटे दिसले की पिल्लं निघाली आहेत. वर येताच ती अंगावरचं पहिलं आवरण टाकतात, ते हे. पिल्लं सुतासारखी बारीक असतात आणि पहिल्या दिवसापासून उडतात. म्हणून डब्याला बारीक जाळीचं झाकण असू द्या आणि दिवसातून दोनदा पाहा.

त्यांना २० ते ३० सेंटीमीटर उंच छोट्या पेटीत हलवा. मोठ्या पिंजऱ्यात त्यांना पान सापडत नाही आणि तुम्हाला ती सापडत नाहीत. पहिल्या आठवड्यांत कोवळा पाला द्या. कोवळा नसेल तर जून पानाच्या कडा कात्रीने कापून द्या. मूळच्या कडक कडेवर लहान जबडे चालत नाहीत, ताज्या कापलेल्या कडेवर चालतात. पाने पेटीच्या भिंतींना टेकतील अशी लावा, म्हणजे चढणारं पिल्लू आपसूक पानावर येतं. फवारा रोज, पण थेंब बारीक हवेत. मोठ्या थेंबात पिल्लू चिकटून बसतं आणि सुटत नाही.

दोन काता झाल्या की आकारानुसार वेगळी करा. लांबीने दुप्पट फरक असलेली पिल्लं एकत्र ठेवली की मोठी चालताना लहानांना कातेत पाडतात. मोठ्या पिंजऱ्यात हलवताना पेटी आत ठेवून नुसतं झाकण काढा. दिवा लागला की ती स्वतः वर चढतात. रिकामी झालेली पेटी टाकण्याआधी जुन्या पानांची मागची बाजू एकेक करून तपासा, दोन-चार पिल्लं तिथे काडी होऊन बसलेली असतातच.